राज्याने आधी चांगले गिऱ्हाईक व्हावे

ऑगस्ट २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा पंधराशे रुपये महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले आणि तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद न थकता चालू आहे. एक पक्ष म्हणतो, हे पैसे वाटून संपवण्यापेक्षा त्यातून उद्योग उभे करा. बायकांना यंत्रे द्या, कर्जे द्या, स्वतःच्या पायांवर उभे राहू द्या. दुसरा पक्ष म्हणतो, आयुष्यभर घरात आणि शेतात राबलेल्या बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःचे म्हणावेत असे पैसे आले आहेत, त्यावर इतरांनी हिशेब मागू नये. याच रकमेतून हप्ते फेडता येतील अशी कर्जे द्यावीत, अशी मधली वाटही पुढे सुचवली गेली. या वादात कोणाच्या तरी मागे उभे राहण्याची मला गरज वाटत नाही, कारण सगळ्यांनीच एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: छोटा व्यवसाय अडतो तो भांडवलावाचून, आणि ते एकदा पुरवले की सरकारचे काम संपते. मला हे मुळातच चुकीचे वाटते. छोट्या व्यवसायाला पहिल्या दिवसाच्या भांडवलापेक्षा अधिक गरज असते ती नेहमीच्या गिऱ्हाइकाची आणि वेळेवर हाती पडणाऱ्या पैशांची. या दोन्ही गोष्टी पुरवण्याची ताकद राज्य सरकारइतकी दुसऱ्या कोणाकडेही नाही, आणि तरीही सरकारच्या उद्योगविषयक योजनांमध्ये या दोन गोष्टींना जवळजवळ जागा नाही.

योजनांची घडण पाहिली की हे लक्षात येते. २०१९ पासून चालू असलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन व्यवसायासाठी सुरुवातीला पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प मांडता येत असे. अर्जदाराने स्वतःचे पाच ते दहा टक्के घालायचे, प्रवर्ग आणि ठिकाण पाहून सरकार पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान देते आणि उरलेली रक्कम बँक कर्जाऊ देते. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम याच साच्यातला आहे. अण्णासाहेब पाटील महामंडळासारखी मंडळे कर्जावरचे व्याज परत करतात. या सगळ्या योजनांत जिल्हा उद्योग केंद्राला वर्षाचे उद्दिष्ट दिलेले असते आणि ते मोजले जाते किती अर्ज आले, किती बँकांकडे गेले, किती मंजूर झाले, किती वितरित झाले या आकड्यांत. प्रकल्प अहवालात 'बाजारपेठ' या शीर्षकाखाली चार ओळी असतात, पण त्या ओळी खऱ्या ठरल्या का, हे पाहण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नाही. त्यामुळे एकाच गावात तीन मसाला कांडप यंत्रे आणि आठ शिलाई यंत्रे अनुदानातून आली, तरी कागदावर ते अकरा यशस्वी उद्योजकच होतात. गावाची मसाल्याची आणि शिलाईची गरज मात्र होती तेवढीच राहते, आणि ते अकराजण एकमेकांचे दर पाडत राहतात.

गिऱ्हाईक म्हणून उभे राहणारे राज्य म्हणजे काय, याचे सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. कोल्हापूरच्या राजवाड्यातल्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्याचा सल्ला दिला आणि साहाय्यही केले. त्यांनी शहरात चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, भांडवलाची अडचण उरली नव्हती; तरीही अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले, तिथला चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवलाने जे साधले नव्हते ते या एका कृतीने साधले. या प्रसंगाकडे आपण जातिनिर्मूलनाची कथा म्हणून पाहतो आणि ती तशी आहेच. पण त्यात राज्यकारभाराचा एक धडा आहे ज्याची आठवण उद्योग खात्याला कोणी करून देत नाही. दुकान थाटून देणे हा मदतीचा सोपा भाग असतो. बाजार ज्याच्याकडे पाठ फिरवतो, त्याच्याकडून राज्याने स्वतः विकत घेणे आणि त्यायोगे इतरांचाही विश्वास बसवणे, हा अवघड आणि निर्णायक भाग असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एका संस्थानिकाने चहा पिणे वेगळे आणि आजच्या सरकारने दुकानदारी करणे वेगळे. पण सरकार आजच राज्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे. अंगणवाडीचा पोषण आहार, शाळेतली खिचडी, आश्रमशाळांचा किराणा, शासकीय रुग्णालयांतल्या चादरी, शाळांची बाके, निवडणुकीतली छपाई, प्रशिक्षणातली जेवणे हे सगळे सरकार रोज विकत घेत असते. तेव्हा सरकारने खरेदी करावी का, हा प्रश्नच नाही. ती कोणाकडून, केवढ्या तुकड्यांत, कोणत्या अटींवर करावी आणि पैसे कधी चुकते करावेत, एवढेच ठरवायचे उरते. ज्या तालुक्यात उद्योग केंद्र एका बाईला शिलाई यंत्रासाठी कर्ज मिळवून देते, त्याच तालुक्यातल्या शाळांच्या गणवेशाचे कापड दुसऱ्या टोकाच्या शहरात कापले जात असेल, तर सरकारच्या डाव्या हाताचे काम उजवा हात पुसून टाकतो.

हे उदाहरण मी कल्पनेतून घेतलेले नाही. समग्र शिक्षा अभियानात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पात्र मुलांसाठी दोन गणवेशांचे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असत. समिती गावात किंवा जवळच्या बाजाराच्या ठिकाणी कापड घेई, गावातला शिंपी किंवा शिवणकाम करणारी बाई मुलांची मापे घेई आणि गणवेश शिवून देई. २०२४–२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्याने ही पद्धत मोडून सगळ्या राज्यासाठी एकच गणवेश आणि एकच पुरवठा अशी योजना आणली. हेतूंत एक चांगला हेतूही होता: शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना द्यायचे. प्रत्यक्षात मध्यवर्ती पुरवठादाराकडून ठरावीक मापांत कापलेले कापड उशिरा आले, कुठे तोकडे आले, कुठे ढगळ आले. शिलाईचा दर परवडत नाही म्हणून गटांनी तक्रारी केल्या. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि असंख्य मुले कित्येक महिने जुन्याच कपड्यांत बसली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. या फसलेल्या वर्षाची चर्चा गणवेशाचा रंग आणि मंत्र्यांची जबाबदारी यांभोवतीच फिरली. मला त्यातून वेगळेच दिसते. कापडाची खरेदी, म्हणजे ज्यात रक्कम मोठी आणि नफा खात्रीचा, ती एका जागी गोळा झाली. शिलाई, म्हणजे ज्यात घाम जास्त आणि मोबदला कमी, तेवढी खाली पाठवली गेली. बचत गटाला 'काम दिले' असे म्हणता येते, पण मापे घेण्याचा, कापड निवडण्याचा, दर ठरवण्याचा, म्हणजे व्यवसाय करण्याचा जो खरा भाग, तो त्याच्या हातून काढूनच घेतला होता. त्या बायका कंत्राटी शिवणकामगार झाल्या, उद्योजक झाल्या नाहीत.

अंगणवाडीच्या आहाराची कहाणी याहून जुनी आहे आणि तिची वेदना याहून मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २००४ सालीच आदेश दिला होता की अंगणवाड्यांच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत. ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे. आदेशात अस्पष्ट असे काही नव्हते. तरीही घरी न्यायच्या आहाराचे काम महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मूठभर मोठ्या पुरवठादारांकडे गेले आणि २०१२ साली न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या अहवालात काही महिला संस्थांच्या नावांआड खासगी उत्पादकच असल्याचे नमूद झाले. २०१६ साली पुन्हा निविदा निघाली तेव्हा अंगणवाड्यांचे अनेक प्रकल्प एकत्र बांधून कामाचे गठ्ठे इतके मोठे केले गेले आणि अटी अशा घातल्या गेल्या की गावचा गट पात्रच ठरू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द ठरवली. म्हणजे न्यायालयाच्या स्पष्ट आदेशानंतर पंधरा वर्षांनी बचत गटांना पुन्हा न्यायालयातच जावे लागले, तेही ज्या सरकारने त्यांना उत्साहाने स्थापन केले त्याच सरकारविरुद्ध. या पंधरा वर्षांत गटांची संख्या वाढत होती, त्यांना कर्जे मिळत होती, प्रदर्शनांत त्यांचे पापड-लोणचे विकले जात होते. त्यांच्या अंगणात उभे असलेले सर्वांत मोठे आणि कायमचे गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडे पाहत नव्हते.

याविरुद्धचे दोन मुद्दे मला खरोखर जड वाटतात आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा मुलांचा आहे. अंगणवाडीतले मूल हे रोजगारनिर्मितीचे साधन नव्हे. त्याला सकस आणि सुरक्षित अन्न मिळणे हीच पहिली गोष्ट आहे, आणि घरगुती पातळीवर केलेल्या आहारात तेवढी खात्री कशी द्यायची, असे विचारणाऱ्या माणसाला बचत गटांचा शत्रू म्हणता येत नाही. दुसरा मुद्दा नावापुरत्या लाभार्थ्यांचा आहे. महाराष्ट्राने मजूर सहकारी संस्था आणि बेरोजगार अभियंते यांच्यासाठी सार्वजनिक कामांचा वाटा राखून ठेवला, आणि त्यातल्या कित्येक संस्थांत मजूर फक्त कागदावर उरले, हे जिल्ह्याजिल्ह्यात लोकांनी पाहिले आहे. राखीव वाटा ठेवला की त्यात मुखवटे घालून शिरणारे येतातच. मग पुन्हा तोच मार्ग का?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर केरळने दिले आहे. १९९८ साली सुरू झालेल्या कुडुंबश्री या तिथल्या सरकारच्या महिला गटांच्या अभियानातील युनिटांतून तिथल्या अंगणवाड्यांसाठी 'अमृतम न्यूट्रिमिक्स' हा आहार तयार होतो. पाककृती एकच, मिश्रणाचे प्रमाण ठरलेले, तपासणी होते, पण उत्पादन अनेक छोट्या युनिटांत विखुरलेले. सुरक्षितता कारखान्याच्या आकारातून येत नाही, नियमित तपासणीतून येते. शिवाय मोठा पुरवठादार चुकला तर एका वेळी अनेक जिल्ह्यांतली मुले उपाशी राहतात. छोटे युनिट चुकले तर शेजारचे युनिट ती भरपाई करू शकते. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर मात्र इतके सोपे नाही, कारण मुखवटे पूर्ण थांबवता येणार नाहीत. पण मुखवटा घालणे कधी फायद्याचे ठरते, ते पाहिले पाहिजे. कामाचा तुकडा जेवढा मोठा, तेवढा त्यात नाव उसने घेण्याचा मोह मोठा. एका संस्थेच्या नावावर पाच तालुके मिळणार असतील, तर ते नाव विकत घेण्यासाठी पैसे ओतणारा माणूस भेटतो. एका गटाला चार गावांच्या दहा अंगणवाड्या मिळणार असतील, तर त्यामागे लपून त्याला मिळणार तरी काय? तुकडा लहान ठेवणे हाच भ्रष्टाचाराविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लहान तुकड्यांचा हिशेब ठेवायला कर्मचारी जास्त लागतील, हे खरे. पण मोठ्या कंत्राटांच्या चौकशीवर, खटल्यांवर आणि फेरनिविदांवर जी वर्षे खर्ची पडतात, त्यांचाही हिशेब कोणी कधी मांडला आहे का?

आता पैशांकडे वळतो, कारण बोलाचालीत हा विषय नेहमी शेवटी येतो आणि छोटा माणूस बुडतो तो याच जागी. समजा, एका गटाने सरकारी कार्यालयाला पाच लाखांचा माल पुरवला आणि त्यात आठ टक्के, म्हणजे चाळीस हजार रुपये सुटतील असा हिशेब केला. त्यासाठी लागलेले चार लाख साठ हजार रुपये बारा टक्के व्याजाने उचलले. बिल नऊ महिने अडकले तर व्याजच एक्केचाळीस हजार चारशे रुपये होते. नफा संपला आणि वर चौदाशे रुपयांचे नुकसान झाले. या गटाला पस्तीस टक्के अनुदानावर यंत्र दिलेले असेल, तरी दुसऱ्या वर्षी ते यंत्र धूळ खात पडणार. मार्चअखेर निधी नाही म्हणून बिल पुढच्या वर्षावर जाते, पुढच्या वर्षी अधिकारी बदललेला असतो, आणि चकरा मारणारी बाई एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाते. मोठ्या कंत्राटदारांनाही ही थकबाकी सोसत नाही. २०२५ मध्ये त्यांच्या संघटना थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांना निदान संघटना आहे.

कायदा नाही असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते करावे लागतात आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पण त्यासाठी छोट्या पुरवठादाराने आपल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाविरुद्ध, याच कायद्याखाली थकबाकीचे तंटे ऐकणाऱ्या परिषदेकडे दाद मागायची असते. पुढच्या वर्षी काम हवे असलेला माणूस हे करत नाही. केंद्राने १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात तरतूद लागू केली की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाही. खासगी कंपन्यांना त्याची झळ बसली. सरकारी खाती मुळात प्राप्तिकरच भरत नाहीत, त्यामुळे या चिमट्यातून ती आपोआप बाहेर राहिली. त्याचप्रमाणे छोट्या उद्योगांकडून किमान पंचवीस टक्के खरेदी करण्याचे केंद्राचे बंधन केंद्रीय मंत्रालयांना आणि केंद्राच्या उपक्रमांना आहे. जिल्हा परिषदेला आणि नगरपालिकेला ते बांधत नाही. ज्या पातळीवर गावचा उद्योजक सरकारला भेटतो, नेमकी तीच पातळी मोकळी सुटली आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून काही शिकायचे नाही. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, तेव्हा या राज्याने देशात पहिल्यांदा सांगितले की काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागेल. त्या कायद्याचा प्राण होता तो त्या पंधरा दिवसांत. सरकारने स्वतःवर मुदत घालून घेतली आणि ती मोडल्याची किंमतही स्वतःच मान्य केली. मजुराला जो मान या राज्याने अर्ध्या शतकापूर्वी दिला, तो छोट्या पुरवठादाराला आज का देऊ नये? उशिराचे व्याज मागण्याची वाट न पाहता ते बिलाबरोबर आपोआप जमा व्हावे, आणि ते ज्या खात्यामुळे द्यावे लागले त्याच्याच तरतुदीतून कापले जावे.

इथे स्वावलंबनाचा आग्रह धरणारे लिज्जतचे उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सरकारी गिऱ्हाइकावाचून त्यांचा व्यवसाय देशभर पसरला. मग सरकारी खरेदीची कुबडी कशाला? पण लिज्जतच्या यशाचे कारण नीट पाहावे. त्या बायकांच्या दारात मुंबईची बाजारपेठ होती, जी मेळघाटातल्या किंवा आटपाडीतल्या बाईच्या दारात नाही. पुढे १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही त्यांना मिळाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे लाटलेल्या पापडांची मजुरी त्याच दिवशी मिळण्याची पद्धत पडली. वेळेवर पैसे देण्याने माणसे कशी टिकतात, हे लिज्जतनेच दाखवले आहे. सरकारी मागणीवर कायमचे विसंबणे वाईट, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून एका गटाच्या एकूण विक्रीत सरकारचा वाटा काही वर्षांनी कमी होत जावा, अशी अट घालता येईल.

मोठ्या उद्योगांच्या बाबतीत आपण हे कधीच शिकलो होतो. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून १९६४ मध्ये राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली, मागास भागांना अधिक सवलती दिल्या. वाळूजमध्ये १९८० च्या दशकात दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचा मोठा कारखाना आला, आणि त्याच्या सुट्या भागांच्या मागणीवर आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात शेकडो छोटे कारखाने वाढले. तिथल्या छोट्या कारखानदाराला सवलतीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, आधार दर महिन्याच्या ऑर्डरचा होता. याउलट अनेक तालुक्यांच्या औद्योगिक वसाहतींत सर्वाधिक सवलती असूनही भूखंड रिकामे आहेत, कारण तिथे घेणाराच नाही. अशा तालुक्यांत मोठा कारखाना येईल तेव्हा येईल. शाळा, अंगणवाडी, वसतिगृह आणि ग्रामीण रुग्णालय मात्र आजही तिथे आहे.

भांडवलाचे महत्त्व मी नाकारत नाही. हातात काहीच नसलेल्या बाईला ऑर्डर देऊन उपयोग नाही, आणि पंधराशे रुपयांमुळे अनेक घरांत सावकाराकडची एखादी फेरी टळली असेल, तर ती योजनेची मोठीच कमाई आहे. पण कर्ज देऊन धंद्याची जागा हिरावून घेणे ही मदत नव्हे. फेरीवाल्यांना पंतप्रधान स्वनिधीतून २०२० पासून दहा हजारांचे पहिले कर्ज मिळू लागले, आणि त्याच फेरीवाल्यांच्या हातगाड्या पालिकेची पथके उचलत राहिली, कारण २०१४ च्या कायद्याप्रमाणे जागा ठरवून देण्याचे काम शहराशहरांत रखडले आहे. उचललेल्या गाडीचा हप्ता कोणी भरायचा?

सुधारणेची सुरुवात करायला नव्या योजनेची गरज नाही. गणवेशाची खरेदी शाळा समित्यांकडे परत आलेली आहे. शाळा जूनमध्ये उघडतात. मापे फेब्रुवारीत घेता येतात, कापडासाठी आगाऊ रक्कम मार्चच्या आधी समितीच्या खात्यावर पाठवता येते, गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या शिवणाऱ्या बायकांना आणि शिंप्यांना काम एप्रिलपर्यंत वाटून देता येते, आणि ज्या दिवशी गणवेश शाळेत पोचला त्यापासून पंधरा दिवसांत शिलाईचे पैसे खात्यात टाकता येतात. प्रत्येक शाळेच्या फलकावर तीन तारखा लिहाव्यात: काम कोणाला कधी दिले, माल कधी मिळाला, पैसे कधी दिले. जिल्हा उद्योग केंद्राने कर्ज मिळवून दिलेल्या शिलाई यंत्रांची यादी आणि या फलकांवरची नावे शेजारी ठेवून पाहावीत.